घाट म्हणणं

वळणांना नावं आम्ही दिली.
सरकारी दगडांवर नुसते आकडे होते,
आणि आकड्यांवरून कुणी घाट उतरत नाही.

पाचगणीच्या जकात नाक्यावरून सुटलं
की पहिली शंभर पावलं काहीच नाही,
बेरिंगं फक्त कुरकुरतात, झोपेतून उठवल्यासारखी.
मग म्हशीची मोरी.
तिथं रस्ता एकदम बुडाखालून निघून जातो
आणि धोमचं पाणी तोंडासमोर उभं राहतं
भिंतीला टांगल्यासारखं.
मग सासुरवाडी: लांब, गोड, फसवं वळण,
शिरताना सोपं, निघताना जड.
मग दोन जावा, एकमेकींकडे पाठ केलेल्या.
मग ते एक,
ज्याला नाव नाही,
कारण तिथं सगळ्यांचेच डोळे मिटलेले असायचे.

तातोबा, माझा थोरला भाऊ,
आदल्या दिवशी घाट चालत चढायचा
उलटा. पाठ डोंगराकडे, तोंड वाईकडे.
उतार उतारासारखाच बघावा लागतो, म्हणायचा.
सुटी खडी वेचून खिशात भरायचा,
आई चड्डी धुताना शिव्या द्यायची.

गाडी म्हणजे आंब्याची फळी,
मागं दोन बेरिंगं, पुढं एक,
मुलाणी मिस्त्रीनं ट्रकमधून काढून टाकलेली.
किंमत, एक रविवार भाता ओढणं.
ब्रेक म्हणजे टाचेला सुतळीनं बांधलेला टायरचा तुकडा.

पहिल्या एसटीच्या आधी, अंधारातच.
वर टेंभा आडवा फिरला की
खाली पसरणीच्या पारावर मी
आबांच्या चावीच्या घड्याळात काटा धरायची.
आधी आवाज यायचा,
पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखा,
मग ठिणग्या,
मग माणूस.
अकरा मिनिटं चाळीस सेकंद.
हे कुठं लिहिलेलं नाही. मला पाठ आहे.

त्या वर्षी टेंभा फिरला
आणि बारा मिनिटं झाली.
पंधरा.
बाकीची पोरं आली, कपडे झटकत, न बोलता.
मी काटा सोडला नाही.
चाळिसाव्या मिनिटाला तो आला
चालत, फळी डोक्यावर,
मागं मोळीवाली एक बाई, त्याची चप्पल हातात घेऊन.
बिननावाच्या वळणावर ती मधोमध बसली होती,
मोळीचा दोर सुटला म्हणून.
त्यानं डोळे उघडे ठेवले होते,
एवढंच म्हणाला.
डावी टाच पुन्हा जमिनीला नीट टेकली नाही.

आता भाच्यानं मोठा टीव्ही घेतलाय.
जानेवारीत दुपारी तिकडची शर्यत लागते,
कुठलंसं डोंगरातलं खेडं,
घरांच्या छपरांवर हातभर बर्फ.
बर्फ आम्ही बघितला तो गोळेवाल्याकडं,
नाहीतर कडाक्याच्या थंडीत एकदा
वेण्णा तलावाच्या बोटीवर, नखानं खरवडण्याइतका.
निवेदकाची भाषा कुणाला येत नाही
म्हणून आवाज बंद असतो.

सुटायच्या आधी तो गोरा पोरगा
डोळे मिटतो,
पंजा हवेत धरून
डावा, उजवा, खाली, जरा थांबून डावा.
तातोबा पुढं सरकतो. चहा गार होतो.
"बघ," म्हणतो, "घाट म्हणतोय त्यो."

आणि मग त्याचाही हात उठतो,
सत्तरीचा, शिरा आलेला, थोडा थरथरणारा.
मोरी. सासुरवाडी. थोरली जाऊ. धाकटी.
पडद्यावर पोरगा केव्हाच खाली पोचलाय,
लोक घंटा वाजवताहेत, आवाजाविना.
तातोबाचा हात अजून वरच आहे,
त्या एका जागी थांबलेला.

मी मनगटाकडे बघते.
घड्याळ घालायचं सोडून वर्षं झाली,
तरी बघते.

डोळे मिटलेत त्याचे.
पण पापण्या हलताहेत,
बाई उठेपर्यंत वाट बघावी
तशा.